सरावाआधीचे सत्कार

विशारदच्या परीक्षेआधीच्या रविवारी चिखलीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये माझं सरावाचं गायन झालं. समोर माणसं दिसली की माझा बडा ख्याल अडखळायचा, म्हणून तो एकदा तरी लोकांपुढे पूर्ण गाऊन बघ, असं गुरुजींनी बजावलं होतं. तानपुरा लागला आणि सोसायटीचे अध्यक्ष शाल-नारळ घेऊन उठले. गुरुजींचा, तबलजींचा आणि माजी नगरसेवकाच्या मेव्हण्याचा सत्कार झाला. मेव्हण्यांनी संगीतावर सविस्तर मार्गदर्शन केलं.

"आता बिनधास्त गा, ताई," अध्यक्ष म्हणाले. "फकस्त जरा आवरतं घ्या, पुढं वाढदिवस हाय."

ख्यालाची स्थायी संपवून मी अंतरा उचलणार, तोच फुगेवाले आत आले. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

अंतरा मी लोकांपुढे पहिल्यांदा गायले, तो परीक्षकांसमोर.