कानपिळीचा मान

कुंदनचं रडणं साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. गेली सात वर्षं टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात तो लुगडं नेसून इमरतीकाकू होतो, आणि दर भागाच्या शेवटी ही काकू कुठल्यातरी फालतू कारणावरून अशी हुंदके देत रडते, की लोकांची हसून मुरकुंडी वळते. त्या रडण्यावर त्याचं नाव झालं, मुंबईत घर झालं. चालत नव्हतं ते फक्त वर्ध्यात, बापाच्या घरी.

प्रभाकररावांचं कापडाचं दुकान. चाळीस वर्षं त्या माणसानं गावातल्या बायांना लुगडी दाखवली, आणि पोटच्या पोरानं तेच नेसून मुलखासमोर कंबर हलवावी? गिऱ्हाईक पदर बघता बघता विचारायचं, "ते इमरतीकाकू तुमचेच ना जी?" प्रभाकरराव घडी मोडलेलं लुगडं तसंच टाकून आत निघून जायचे. सहा वर्षं ते मुलाशी एक शब्द बोलले नव्हते.

मग धाकट्या रुचिकाचं लग्न ठरलं. ती सावंगीच्या दवाखान्यात नर्स, बापाइतकीच हट्टी. दादा आल्याशिवाय अंगाला हळद लावू देणार नाही म्हणाली. शेवटी प्रभाकररावांनी स्वतः फोन केला. "ये. पण तुह्यापायी एक माणूस हसला नाई पाह्यजे. तेवढं जमलं त घर तुह्यासाठी उघडं हाये."

सहा वर्षांनी बापाचा आवाज ऐकला होता. कुंदननं नुसतं जायचं तिकीट काढलं. परतीचं काढलंच नाही.

लग्नाच्या दिवशी बिचारा सकाळपासून कूलरच्या मागे खुर्ची टाकून बसला. वरपक्षाच्या पोरी सेल्फीला आल्या, यानं हात जोडले. कुणी म्हणालं, "काकू, एक डायलॉग होऊन जाऊ द्या." यानं खुर्ची आणखी मागे ओढली. आई शकुंतलाबाई ताट घेऊन आली. "काऊन असा बसून राह्यला रे? दोन घास त खा." तिच्याकडे बघूनही तो धड हसला नाही, न जाणो, बाजूचा कुणी हसायचा. काय म्हणावं या कोंडमाऱ्याला!

मंगलाष्टकं आटोपली, कानपिळी आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला सांभाळ म्हणून बजावायचं, आणि वरपक्षानं त्याला टोपी-दुपट्टा देऊन त्याचा मान करायचा. प्रभाकररावांनी गुपचूप पुतण्या मुकेशला पुढे केलं. रुचिकानं त्याचा हात अडवला.

"माहा सख्खा भाऊ मांडवात बसून हाये. दुसऱ्या कोणाले हात लावू देणार नाई मी."

भटजी थांबले, वाजंत्री थांबली. कुंदननं बापाकडे पाहिलं. बापानं मान फिरवली. आता उठावं तरी पंचाईत, बसावं तरी बहिणीचा अपमान. तो उठला. नवरदेवाचा कान हलकेच धरला. शाळेत जाताना दादाच्या शर्टाचं टोक धरून चालणारी रुचिका त्याला आठवली. "माह्या बहिणीले जपजो," एवढंच म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. खरं, सहा वर्षांचं साचलेलं.

अख्खा मांडव हसला. मोबाईल वर झाले. मागून कुणीतरी ओरडलं, "काकू, वन्स मोर!" नवरदेवही कान चोळत हसत होता. कुंदन रडणं आवरू लागला, पण जितकं आवरावं तितका तोच काकूचा हुंदका बाहेर पडायचा. अहो, दुसरा आणायचा कुठून? त्याचा तोच एक होता, तोच त्यानं टीव्हीला दिला होता. तेवढ्यात व्याह्यांनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, ती कानापर्यंत खाली आली, आणि हशाला पुन्हा ऊत आला. एकटी रुचिका हसत नव्हती. तिनं त्याची बाही धरून ठेवली होती.

प्रभाकरराव जवळ आले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते थकलेले दिसत होते. त्यांनी मुलाच्या खांद्यावरचा घसरलेला दुपट्टा नीट केला आणि हळू आवाजात विचारलं, "गाडी कितीची हाये तुही?"

कुंदननं डोळे पुसले.

"चारची," तो म्हणाला.