शंभर युनिटच्या आत

दुखण्याचं बोलणं निघालं की प्रत्येकाला आपापलं दुखणं आठवतं. आमच्या गल्लीत लाइटच्या बिलाचं तसं आहे. बिलं आली की दुपारी आम्ही चौघी माझ्या ओसरीवर बसतो आणि कुणाला युनिटमागे काय भाव पडला ते ताडून बघतो. भाव राहतो बाजूला, निघतं भलतंच. असं करत करत बरंच साठलं आहे.

आमची गल्ली पुलगाव स्टेशनच्या मागे. एका बाजूला रेल्वेचे क्वार्टर, दुसऱ्या बाजूला आमची घरं. त्यांना वीज रेल्वेची, आम्हाला बोर्डाची. भाव वेगळे आणि लाइन जायच्या वेळाही वेगळ्या. चौघी म्हणजे मी, शेजारच्या प्रमिलाकाकू, कटलरीचं दुकान चालवणारी सुलभा आणि समोरच्या क्वार्टरमधली रंजना. रंजनाला बिल येतच नाही. तिच्या नवऱ्याच्या पगारातून परस्पर कटतं. म्हणून तिचा भाव काढायचा तर पगाराची स्लिप मागावी लागते.

*

एका संध्याकाळी आमच्या बाजूची लाइन गेली. मी दारात येऊन बसले. आपल्याकडे अंधार असला की समोरचं घर जवळ सरकल्यासारखं दिसतं. रंजनाच्या स्वयंपाकघरात लाइट होता आणि खिडकीकडे पाठ करून ती वेणी घालत होती. घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. आमची लाइन येईपर्यंत तेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काल वेणीच घालत बसली होती काय वं?"

"काल?" रंजना म्हणाली. "काल तं आमी बडनेऱ्याले होतो, ताई. आज सकाळच्या गाडीनं आलो."

मी काय पाहिलं ते तिला सांगितलं. पुढच्या बैठकीला तिने स्लिप आणली, विजेच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "तरीच मी म्हनलं, या महिन्यात जास्त काऊन कटले."

*

सुलभाची बहीण पांढुर्ण्याला दिलेली. ते मध्य प्रदेशात, तिथली वीज कंपनी वेगळी. थोडकी वीज जाळली तर सूट, मर्यादेच्या वर गेलं की सूट खलास. एकदा सुलभाने स्पीकरवर फोन लावला आणि तिचं बिल विचारलं. आमच्या निम्म्यानेही नव्हतं.

"भरलं घर अन् एवढंच बिल?" काकूंना काही पटेना.

तेवढ्यात फोनमध्ये मागून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "खोलीत कोनी नाई अन् पंखा चालू हाय." मग खट्ट करून बटण बंद झाल्याचंही ऐकू आलं.

काकू म्हणाल्या, "सासरे कडक दिसतात तुये."

"कडक होते, काकू. गेले न ते मागच्या दिवाळीत."

मग तिकडून तीच म्हणाली, "आमी कोनाले सांगत नाई. त्यायच्याच भरवशावर सूट टिकून हाय."

*

आमच्या बिलावर मीटरचा फोटो छापून येतो. सुलभाच्या एका बिलावर मीटरच्या काचेत कुणाचं तरी प्रतिबिंब उमटलं होतं. फोटो काढणारा बाप्या, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. काचेत मात्र डोक्यावर पदर घेतलेली बाई होती.

आम्ही ते बिल उन्हात धरून पाहिलं, सावलीत धरून पाहिलं. सुलभा चष्मा लावून घरचं मीटर बघून आली, तिने बिलावरचा आकडा बघितला आणि बिल घडी करून पर्समध्ये टाकलं.

"कोनीबी असो," ती म्हणाली, "रीडिंग बरोबर घेतलं तिनं."

*

आमच्या बाजूची बहुतेक बिलं गेलेल्या माणसांच्या नावावर आहेत. नाव बदलायला कुणाला सवड नाही. बिलं वाटायला नवीन माणूस लागला, तो बिलावरचं नाव घेऊन हाक मारायचा.

काकूंच्या दारात त्याने विचारलं, "गुलाबराव आहेत का?"

"हायेत न," काकू म्हणाल्या. "हार घालून भिंतीवर."

बिचारा ओशाळला. पुढे गल्लीच्या टोकाच्या घरासमोर त्याने दमयंतीबाईंच्या नावाने हाक मारली आणि थोड्या वेळाने रिकाम्या हाताने परत आला. ते घर कधीपासूनचं बंद. काकूंनी विचारलं, "त्यायचं बिल कोनाले देलं, भाऊ?"

"बाई होत्या ना. दारातून हात काढून घेतलं."

काकूंनी नुसतं तिकडे बोट केलं. दाराला कुलूप होतं, आणि त्या कुलपावर कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं होतं.

आता तो आमच्या गल्लीत नाव घेत नाही. घराचा नंबर ओरडतो.

*

काकूंकडे त्या, मुलगा विजय आणि सून मंगला. एसी घेतल्यापासून त्यांचं बिल फार यायला लागलं. आमच्याकडे शंभर युनिटच्या आत एक भाव, वर गेलं की एकदम चढा. सुलभाने तोड सुचवली. एका घरात दोन चुली दाखवल्या की दोन मीटर मिळतात. वापर वाटला जातो आणि चढा भाव लागत नाही.

काकू घाबरल्या. "चूल वेगळी दाखवली तं घर वेगळं होते, मंगला. मले एकटीनं जेवता येत नाई."

"नुसती दाखवाचीच तं हाय, आई. जेवाचं आपल्याले संगंच."

मागच्या खोलीत शेगडी मांडली, एक पातेलं, एक ताट ठेवलं. पाहणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, "इथं कोण राहतं?"

सगळे काकूंकडे बघायला लागले.

"मी राह्यतो," काकू म्हणाल्या. "एकटीच."

मीटर बसलं. मंगलाने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. बिल खरंच उतरलं. पण मागच्या खोलीचं मीटरही फिरत होतं. एका माणसाला लागेल तेवढंच.

विजयने वायरमन आणला. त्याने सगळं तपासलं. "लीकेज नाही," तो म्हणाला. "वापर आहे."

इकडे काकूंचं जेवण तुटलं. मंगला ताट वाढून हाक मारायची आणि काकू म्हणायच्या, "माह्यं झालं न बाई, आताच." दिवसभर त्या समोरच्या खोलीत बसलेल्या असायच्या. त्या वाळत चालल्या, ते आम्हालाही दिसत होतं. एक दिवस मंगलाने कुलूप काढून बघितलं. ताट घासून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि त्याच्याखाली फरशी ओली होती.

"भाव चढा लागला तं लागू द्या," ती विजयला म्हणाली. "मले आई इकडं पाह्यजेत."

मीटर काढून नेलं. मागच्या खोलीची वायर तोडली. शेगडी, पातेलं, ताट मंगलाने स्वतः उचलून आणलं आणि आपल्या मांडणीत लावलं.

त्या दिवशी तिन्हीसांजेला तिने मलाही जेवायला ठेवून घेतलं. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत. काकू आमच्या मधोमध बसल्या होत्या. किती दिवसांनी त्यांनी पोटभर खाल्लं, भरीत मागून घेतलं. मंगलाचे डोळे भरून आले.

ती भाकर वाढायला वाकली आणि तशीच थांबली. मागच्या खोलीच्या बंद दाराखालून उजेड येत होता. आतून फरशीवर ताट ठेवल्याचा आवाज आला. मग पाट सरकवल्याचा.

विजय उठला. काकूंनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. स्वतः भाकरीचा तुकडा मोडला, भरिताला लावला.

"बस रे," त्या म्हणाल्या. "एकटीच हाय ते. जेवू दे तिले."