कूलंटचा फेस

सांगलीतल्या किडनीच्या ओपीडीत तो दर पंधरवड्याला माझ्या आणि ताईच्या शेजारी बसायचा. कुपवाडला लेथवर काम करायचा. तेल लागलेलं नसतानाही बोटं रुमालाला पुसत राहायचा. त्यालाही ताईचाच आजार, शरीर स्वतःच्याच किडनीवर उलटण्याचा. गोळ्याही त्याच. पण त्याची किडनी वाचली होती आणि ताई डायलिसिसवर होती.

"दादा, तुम्हाला एवढ्या लवकर कसं कळलं?" मी विचारलं.

"लघवीला फेस आला. मशीन गार ठेवायच्या पाण्याला, कूलंटला, फेस आला की आमी मशीन बंद करतो. तसाच आलो तपासायला. लगेच बायोप्सी झाली."

मला त्याचा हेवा वाटला, थोडा रागही आला. ताईचा चेहरा सुजला तेव्हा आमच्या गावात, औंधात, सगळे म्हणाले, सासरी अंग धरलंय पोरीनं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, मीही तसंच म्हणालो होतो. त्यात सहा महिने गेले.

"तुमाला कुणी आणलं?" त्यानं ताईला विचारलं.

"ह्यानं. माझा भाऊ."

"नशीब हाय तुमचं," तो माझ्याकडं बघत म्हणाला. "माझ्यासंगं कवाच कोण आलं न्हाई."

ताईनं अभिमानानं मान हलवली. मला त्याला त्या सहा महिन्यांचं खरं सांगायचं होतं, पण ताईसमोर धीर झाला नाही.