काच धुतली का

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, खायला बसले की प्रार्थना इतकी लांबवायचे की चहावर साय धरायची. एकदा मी डोळे मिटल्याचं सोंग करून त्यांच्या ताटलीतला पाव पळवला. 'आमेन' झाल्यावर त्यांनी आधी रिकाम्या ताटलीकडे पाहिलं, मग माझ्या फुगलेल्या गालाकडे, आणि म्हणाले, "देवानं दिलं होतं, पत्ता चुकला वाटतं." आणि पाण्याचा घोट घेऊन उठले. त्यांच्यावर रागवायचं तर कारण शोधावं लागायचं. पुढे सगळ्या गावाला कारण मिळालं, तीच गोष्ट सांगायला बसलोय.

दाजी कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरवर होते. मी त्याच कारखान्यात वर, कापड वाळवण्याच्या मजल्यावर. आम्हाला वाफ लागायची आणि वाफ दाजी द्यायचे, म्हणून मी लोकांना सांगायचो की ताईचं सासर आणि माहेर, दोन्हीकडची पोटं यांच्यावरच चालतात.

बॉयलरच्या तोंडावर वीतभर लांबीची एक काचेची नळी उभी असते. आत पाणी किती आहे ते त्या काचेत दिसतं. पाणी उतरलं की पंप लावायचा. पण बॉयलरच्या पाण्यात गाळ असतो आणि तो काचेच्या वाटेत बसतो. मग आतलं पाणी खाली गेलं तरी काचेतलं जागच्या जागी उभं राहतं आणि भरल्यासारखं दिसतं. म्हणून पाळी बदलताना जाणाऱ्यानं खालची तोटी उघडून काच धुवायची, येणाऱ्यानं बघायची, आणि वहीत तशी खूण करायची. दोन मिनिटांचं काम. तिथे खरं तर काचा दोन असायला हव्यात. आमच्याकडे दुसरी फुटून वर्ष झालं होतं, आणि मॅनेजर दर महिन्याला म्हणायचे की मागवली आहे.

दाजींच्या जोडीला होता पैलवान. अंगानं काडी, छातीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात, म्हणून पैलवान. रंगानं, कोळशानं आणि दारूनं काळवंडलेला, घरी फक्त म्हातारी आई. तो दाजींना 'संत' म्हणायचा. प्रार्थनागृहाची किल्ली दाजींच्या करदोट्याला असायची. ती दिसली की तो म्हणायचा, "संत, स्वर्गाचं कुलूप नीट लावलंय ना? नाहीतर आमच्यासारखे घुसतील." दाजी हसायचे. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, बाकीचे त्याच्यापासून चार हात लांब राहायचे. दाजी मात्र अकरा वर्षं पाळी बदलताना त्याच्याबरोबर एका डब्यात जेवले, आणि त्या वर्षी पैलवानानं दारू सोडली. सोडून सात महिने झाले होते. हे दाजींना आणि त्याच्या आईला माहीत होतं. बाकीच्यांना सांगूनही पटलं नसतं.

मंडळीत दाजी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा वर्ग चालवायचे. शिष्य म्हणजे काय, हे शिकवायचे. पुस्तकी बोलायचे नाहीत. म्हणायचे, पुढचा ज्या चिखलातून गेला त्याच चिखलातून जायचं, बाजूची कोरडी वाट दिसली तरी. मी मागच्या बाकावर बसून पेंगायचो, पण हे वाक्य माझ्या कानात राहिलं.

त्या रविवारी वर्गातल्या तिघांचा बाप्तिस्मा होता. त्यासाठी प्रार्थनागृहाच्या मागच्या अंगणातला हौद भरायचा, आणि तिथल्या नळाला पाणी सात ते आठच. बॉयलरला रविवार नसतो. दाजींची रात्रपाळी सातला संपायची. त्यांनी आदल्या दिवशीच पैलवानाला गळ घातली होती की उद्या जरा लवकर ये. तो पावणेसातला आला, अंघोळ करून, भांग पाडून. दाजींनी वहीत खूण आधीच केली होती. ती सवय जुनीच, खूण आधी, काच मग. पण त्या दिवशी मन हौदात होतं. दारात दाजींचा एक पाय बुटात आणि एक बाहेर असताना पैलवानानं नेहमीचं विचारलं, "काच धुतली का?"

"धुतली," दाजी म्हणाले.

"मग जा संत, बुडवा तुमची कोकरं."

एवढंच. मुद्दाम खोटं बोलायला माणसाला थोडा विचार करावा लागतो. दाजींनी तेवढाही केला नाही.

नऊ वाजून गेले होते. दाजी कंबरभर पाण्यात पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, शेजारी उभे होते आणि तिसरी बाई हौदात उतरत होती, तेव्हा आवाज झाला. स्फोट म्हणावा तसा नाही, जमिनीखालून कुणी खाकरावं तसा. खिडक्या थरथरल्या. मग भोंगा. दाजी हौदातून बाहेर पडले आणि ओल्या कपड्यांनी धावत सुटले. मी मागे. त्यांच्या अंगावरून रस्ताभर पाणी गळत होतं. इकडे हौद काठोकाठ भरला होता आणि तिकडे बॉयलर कोरडा पडला होता.

काचेत शेवटपर्यंत पाणी अर्ध्यावर दिसत होतं. आतलं तापून लाल झालेलं पोलाद खचून फाटलं, आणि पैलवान कोळसा टाकायला भट्टीचं दार उघडायला आणि सगळी वाफ त्या दारातून यायला एकच गाठ पडली.

तो पाच दिवस जगला. दाजी रोज इस्पितळात जायचे. तिसऱ्या दिवशी मी बरोबर होतो. पट्ट्यांतून फक्त ओठ दिसत होते. तो हळू म्हणाला, "संत, पाणी होतं रे काचेत. मी बघितलं होतं. की मला दिसलं नाही?"

दाजींनी त्याच्या पलंगाची कड धरली. घरी येताना ते रस्त्याच्या कडेला बसले आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. मी म्हणालो, दाजी, त्याला सांगून त्याचं कातडं परत येणार आहे का? बरा झाला की सांगा. ते माझं ऐकून बसले. आयुष्यात मी त्यांना एकच सल्ला दिला आणि तो हा. शुक्रवारी पैलवान गेला, आपलेच डोळे आपल्याला दगा देऊन गेले असं समजून.

मॅनेजरांनी वही काढली. वहीत खूण होती, म्हणजे दाजी सुटले. दुसऱ्या काचेचा विषय निघायच्या आत ठरूनही गेलं की पैलवान पिऊन झोपला. मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही, हे मॅनेजरांना बरोबर ठाऊक. गावानंही मान डोलावली. आमच्या मंडळीत तर एक बाई म्हणाली, शेवटी व्यसन ते व्यसनच. पैलवानाची म्हातारी कारखान्याच्या फाटकावर येऊन उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगायची, माझा पोरगा त्या दिवशी शुद्धीत होता, त्यानं सकाळी माझ्या हातचा चहा घेतला, कुणीतरी साहेबांना सांगा. लोक मान खाली घालून आत शिरायचे. मीही.

चौकशी करणारा अधिकारी गुरुवारी दुपारी येणार होता. बुधवारी आमच्या घरात जणू दुसरी चौकशी भरली. ताई म्हणाली, घर कारखान्याचं आहे, दोन मुली शिकतात, तुम्ही तुरुंगात गेलात तर आम्ही कुठे जायचं? पाळकसाहेब आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, तुम्ही देवापुढे पाप कबूल केलंत, त्यानं क्षमा केली, आता ते पुन्हा उकरून मंडळीचं नाव कशाला मातीत घालायचं? गावात आपण मूठभर. लोक म्हणतील, यांच्या बाप्तिस्म्यासाठी माणूस मेला.

दाजींनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "देवानं क्षमा केली असेल, साहेब. पण फाटकावर तो उभा नाही, ती उभी आहे."

ताई रडत आत गेली. पाळकसाहेबांनी चहा अर्धाच ठेवला.

गुरुवारी मला जबानीला बोलावलंच नव्हतं, पण मी दाराबाहेर घुटमळत होतो. दाजींनी अधिकाऱ्याला सांगितलं की खूण माझी, काच धुतली नाही, त्यानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि तो सात महिने प्यायला नव्हता. अधिकाऱ्यानं त्यांना दोनदा विचारलं की तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय लिहून देताय. दाजींनी सही केली. मग दुसऱ्या काचेचंही सांगितलं, पण त्या कागदाचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

तिथून ते सरळ म्हातारीकडे गेले आणि दारात उभ्यानं हेच सगळं बोलले. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि दार लावून घेतलं.

दीड वर्षाची शिक्षा झाली. आठ दिवसांत घर गेलं. ताई आणि मुली माझ्या दोन खोल्यांत आल्या. माझी बायको तोंडानं काही बोलली नाही, भांडी मात्र बोलायची. पाळकसाहेबांनी किल्ली मागून घेतली, आणि बाप्तिस्मा घ्यायला आलेल्या तिघांपैकी दोघं यायचे बंद झाले. तिसरी, ती हौदात अर्धी उतरलेली बाई, तिचा विधी पुन्हा केला नाही, तिनंही मागितला नाही. ती मात्र तुरुंगात दाजींना भेटायला जायची, दर महिन्याला.

सुटून आल्यावर दाजींना कोण काम देणार? शेवटी एका बांधकामावर ते विटा भिजवायला लागले. आणि रोज सकाळी कामाआधी म्हातारीच्या दारात पाण्याचे दोन हंडे भरून ठेवायला लागले, कारण नळ लांब होता आणि भरणारा गेला होता. पहिले चार महिने तिनं ते पाणी गटारात ओतलं. दाजी रोज ठेवायचे, ती रोज ओतायची. मग एक दिवस तिनं दार उघडून विचारलं, "त्यानं तुला विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं, मावशी."

"आणि तू काय म्हणालास?"

"धुतली म्हणालो."

तिनं हंडे आत घेतले. त्या दिवसापासून रोज हेच. आधी प्रश्न, मग उत्तर, मग पाणी. एक सकाळ चुकली नाही. मी एकदा चिडून म्हणालो, दाजी, किती वेळा वदवून घेणार ती? ते म्हणाले, तिला लागेल तेवढ्या वेळा. आठ वर्षं लागली. क्षमा केली असं ती कधी म्हणाली नाही, आणि दाजींनी विचारलं नाही.

मग म्हातारीची आठवण जायला लागली. आधी दिवस गेले, मग शेजारी, मग प्रश्न गेला. एका सकाळी तिनं दाजींकडे बघून विचारलं, तू कुणाचा रे, रोज पाणी देतोस? दाजींनी सांगितलं, मी अमुक, माझ्यामुळे तुमचा मुलगा गेला. तिला मुलगा गेलाय हेच नव्यानं कळलं. ती उंबऱ्यावर बसून अशी रडली की गल्ली गोळा झाली. दुसऱ्या दिवशी सगळं विसरून तिनं पुन्हा तेच विचारलं.

एव्हाना मीही त्यांच्याबरोबर जायला लागलो होतो, त्या सकाळी एक हंडा माझ्या हातात होता. दाजींचा चेहरा मी बघत होतो. तोंडावर आलेलं खरं त्यांनी गिळलं आणि म्हणाले, "पाणीवाला आहे, मावशी."

ती म्हणाली, "भला माणूस आहेस. माझा मुलगा कामावरून आला की त्याला सांगते, तुझ्याशी ओळख ठेव म्हणून." आणि तिनं ओला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

दाजी वाकून उभे राहिले, ती हात काढेपर्यंत. तुरुंगातून आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता. ती त्यानंतर सव्वा वर्ष जगली, आणि रोज सकाळी दाजींनी तो आशीर्वाद डोक्यावर घेतला. जाताना भरलेला एक हंडा मला उचलू द्यायचे, पण परत येताना रिकामे हंडे ते माझ्याकडे द्यायचे नाहीत, तेच जास्त जड असल्यासारखे.