आजोबांचा मास्क आणि सोमवार-गुरुवारची फेरी

मुलांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबांच्या पलंगाशेजारचं मशीन तुम्हाला दिसलं आणि धाकट्याने विचारलं, "आजोबा रात्री हत्ती होतात का?" आजोबांनी लगेच मास्क चढवून सोंड हलवून दाखवली. तुम्ही हसलात, मीही हसले. पण नंतर वाटलं, हा मास्क त्यांच्या चेहऱ्यावर कसा बसला ते तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं. त्यांना विचारलंत तर दोन शब्दांत उत्तर मिळेल: "लावला. झोपलो." म्हणून मी लिहिते. त्यात माझी एक चूक आहे, तीही लिहिते.

तुमचा बाबा तेव्हा नुकताच अमेरिकेला गेला होता. कर्वेनगरमध्ये आमच्या गल्लीतले बंगले एकेक करून पाडले जात होते आणि कंप्युटर कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी फ्लॅट उभे राहत होते. दिवसभर धूळ. आजोबा टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. ज्या फोनसाठी लोक वर्षानुवर्षं त्यांच्या ऑफिसात खेटे घालत, तो आता भाजीवाल्याच्या खिशात वाजायचा. याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. "आमचं काम सोपं झालं असतं तर आम्हाला नको होतं का?" एवढंच म्हणायचे.

त्यांची थोरली बहीण, आपल्या आक्का, कात्रजला एकट्या राहायच्या. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. आपल्या कुटुंबाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. पुढे पालिकेच्या शाळेत शिक्षिका झाल्या. धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग पूर्ण होईपर्यंत स्वतःच्या लग्नाचा विषय त्यांनी कुणाला काढू दिला नाही, आणि नंतर तो राहूनच गेला. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. आजोबा सकाळची वंदना आटोपून गाडी काढत, आक्कांना कात्रजहून हॉस्पिटलात नेत, चार तास बाहेर बाकावर पेपर वाचत बसत आणि त्यांना घरी सोडून मगच जेवायला येत. ही फेरी त्यांनी एकदाही चुकवली नव्हती.

एका गुरुवारी मीही बरोबर होते. परत येताना आक्का मागच्या सीटवर आडव्या झाल्या होत्या, मी पुढे. सिग्नल लाल होता. तो हिरवा झाला, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि गाडी हलेना. मी बघते तर आजोबांची हनुवटी छातीवर. मी हाक मारली, ते दचकले, पाय भलत्याच ठिकाणी पडला आणि गाडी जाऊन दुभाजकावर चढली. कुणाला काही लागलं नाही. मागून आक्कांचा आवाज आला, "अरे, डायलिसिस माझं झालंय की तुझं?"

ते घोरायचे हे काही नवं नव्हतं. त्यामुळेच मी दुसऱ्या खोलीत झोपायला लागले होते. दुपारी पेपर वाचताना डुलकी लागायची, ती आम्ही वयावर टाकली होती. आता डॉक्टरांकडे गेलो. एक रात्र अंगभर वायरी लावून तपासणी झाली. झोपेत त्यांचा घसा मिटत होता, श्वास थांबत होता, आणि श्वासासाठी शरीर त्यांना पुन्हा पुन्हा अर्धवट जागं करत होतं. रात्रभर हेच. म्हणजे हा माणूस कित्येक वर्षं झोपलाच नव्हता, आणि मी भिंतीपलीकडे कानात कापूस घालून निजत होते.

डॉक्टर मोजकं बोलणारे होते.

"गाडी चालवता?"

"हो. आठवड्यातून दोनदा कात्रज."

"बंद."

"किती दिवस?"

"रात्री नीट श्वास घ्यायला लागेपर्यंत. मशीनमध्ये कार्ड असतं. किती तास लावलं, श्वास किती वेळा थांबला, सगळं त्यात उतरतं. महिन्याने कार्ड आणा. ते बोलेल, तुम्ही बोलू नका."

मशीन आलं. त्याची पिन परदेशी धाटणीची, आपल्या प्लगमध्ये जाईना, म्हणून बुधवार पेठेत विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. मी दुकानदाराला म्हटलं, "अहो, ही पिन आपल्याकडे बसत नाही." त्याने मान वर न करता सांगितलं, "बसली असती तर तुम्ही इथे आला नसतात."

पहिल्या रात्री आजोबांनी मास्क लावला आणि दहा मिनिटांत काढला. मग पुन्हा लावला. नाकावर रबराची गादी, डोक्यामागून पट्टे, आणि नळीतून येणारी हवा. खिडकीतून तोंड बाहेर काढून एसटीत बसल्यासारखं वाटतं, असं त्यांनी सकाळी सांगितलं. डॉक्टरांनी सुचवलं होतं की दिवसा जागेपणीही लावून बघा, म्हणजे अंगवळणी पडेल. तर हे दुपारी खुर्चीत मास्क लावून पेपर वाचत बसायचे. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल विचारायला आले आणि यांना पाहून उंबऱ्यातच थांबले. आजोबांनी हाताने "बसा" अशी खूण केली. सेक्रेटरी म्हणाले, "नको, तुम्ही निघालेले दिसता."

दरम्यान आक्कांच्या फेऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. मला गाडी येत नव्हती. माझी मजल लुनापर्यंत. एक ड्रायव्हर ठेवून पाहिला. डायलिसिसनंतर आक्कांना मळमळायचं. परक्या माणसासमोर ओकारी नको म्हणून त्या बाईंनी हॉस्पिटलपासून कात्रजपर्यंत पदर तोंडात धरून ठेवला आणि घरी पोचल्यावर सांगितलं, "हा माणूस उद्यापासून नको." मग रिक्षा. आजोबा बसने कात्रजला जात आणि आक्कांना रिक्षाने नेत-आणत. रस्ते सगळे खोदलेले. प्रत्येक खड्ड्याला त्या डोळे मिटून घ्यायच्या.

आणि इकडे मशीन काही जमेना. पहिला आठवडा बरा गेला, आणि दुसऱ्या आठवड्यापासून उलट बिघडलं. नळीतून हवा कमी येते, गुदमरल्यासारखं होतं, मशीन घरघरतं, सकाळी डोकं जड. मी म्हटलं, "अहो, कंपनीला फोन करू या. मशीनच खराब असेल."

"आधी आपलं टोक तपासू," ते म्हणाले.

हे त्यांच्या खात्यातलं वळण. फोन बंद असल्याची तक्रार आली की आधी एक्स्चेंजमध्ये, आपल्या बाजूला, तपासायचं. तिथे सगळं ठीक निघालं तरच लाइनमनला ग्राहकाच्या दारी पाठवायचं. लोकांना उगाच दोष द्यायचा नाही. इतकी वर्षं त्यांनी असंच काम केलं आणि हाताखालच्यांकडूनही करून घेतलं. आता मशीन म्हणजे दुसरं टोक आणि ते स्वतः म्हणजे आपलं टोक. त्यांनी एक वही घातली आणि दर सकाळी नोंद करायला लागले: पट्टा एक घर सैल केला, फरक नाही. कुशीवर झोपलो, फरक नाही. चहा दुपारनंतर बंद, फरक नाही.

एका सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर बेसिनपाशी एक अनोळखी गृहस्थ टॉवेलने तोंड पुसत होते. आजोबांनी मिशी काढली होती! नोकरीला लागल्यापासूनची मिशी, भरघोस, दोन्ही टोकांना किंचित वळलेली. आमच्या लग्नातल्या फोटोत आधी मिशी दिसते, मग नवरा.

"अहो, हे काय?"

"मास्क आणि ओठ यांच्यामध्ये फट राहत असणार. हवा तिथून जात असेल."

त्या दिवशी आक्कांनी त्यांना बघून सांगितलं, "बरा दिसतोस. पाचवीतला दिसतोस." वहीत दुसऱ्या दिवशी नोंद पडली: मिशी काढली, फरक नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी रिक्षातून उतरताना आक्कांना चक्कर आली. आजोबांनी त्यांना जिन्यावरून जवळजवळ उचलूनच वर नेलं. त्या दिवशी मीही तिथे होते. आक्का पाणी प्यायल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी आता आठवड्यातून एकदाच जाईन. पुरे तेवढं. ही दगदग माझ्याने होत नाही, तुझ्यानेही होत नाही."

एकदाच जाणं म्हणजे काय होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. आजोबा म्हणाले, "आक्का, मला दहा दिवस द्या. मी गाडी घेऊन येतो."

"कार्डवाला डॉक्टर ऐकणार आहे का तुझं?"

"ऐकायला लावतो."

त्या रात्रीपासून त्यांनी मास्क काढलाच नाही. गुदमरलं तरी नाही. मी आता त्यांच्याच खोलीत झोपत होते. ते पाठीवर निजून, दोन्ही हात पोटावर ठेवून, एकेक श्वास ओढून घेत होते. ना तक्रार, ना चिडचिड. सकाळी डोळे लाल, तरी सहाला उठून वंदना, मग वहीत एक ओळ. मी आयुष्यभर कॉलेजात मुलांना शिकवलं, बुद्धिमान मुलं पुष्कळ पाहिली. पण आपल्याला जमत नाही हे रोज लिहून, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करायला बसणारी फार थोडी पाहिली. त्या दिवसांत मी या माणसाकडे नव्याने पाहायला लागले. लग्नाला तीस वर्षं उलटून गेल्यावर.

पण मला त्यांचे हाल बघवेनात. शेवटी त्यांना न विचारता मीच कंपनीला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगी स्कूटीवरून आली. पंचविशीची असेल, पाठीला सॅक, तोंडाला स्कार्फ. आजोबांनी तिच्यासमोर वही ठेवली. तिने ती खरोखर वाचली, पहिल्या पानापासून.

"काका, इतकं व्यवस्थित माझ्या एकाही पेशंटने लिहिलेलं नाहीये. मशीन कुठंय?"

आम्ही तिला आत नेलं. ती पलंगापाशी गेली आणि थबकली.

"हे काय घातलंय याला?"

"कव्हर," मी म्हटलं. जरा अभिमानानेच म्हटलं.

तुम्हाला आपलं घर माहीत आहे. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, फोनला कव्हर, रिमोटला प्लास्टिक. इतक्या महागाचं मशीन मी उघडं कशी ठेवणार, आणि तेही बाहेर बांधकामाची धूळ उडत असताना? पहिल्या आठवड्यानंतर मी पडद्याच्या उरलेल्या जाड कापडाचं कव्हर शिवलं होतं. आवाज कमी व्हावा म्हणून आत कापसाचा थर. नळीला एक भोक, वायरीला एक, पुढे बटणांपुरती खिडकी, म्हणजे मशीन चालू असतानाही काढायला नको. काजं हाताने केली होती.

मुलीने ते कव्हर उचललं आणि मशीन फिरवून मागची बाजू दाखवली. "काकू, मशीन इथून हवा आत घेतं. ही जाळी बघा."

मी बघितलं. जाळीवर माझ्या कापसाचे तंतू अडकलेले होते.

"म्हणजे मशीनलाच श्वास घेता येत नव्हता," आजोबा म्हणाले.

"हो ना. तरी तुम्ही रोज सहा-सहा तास लावलंत? लोक नव्या, चालू मशीनला आठ दिवसांत कंटाळतात." मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, तुमच्या वहीत मिशीचं लिहिलंय. मिशीचा काही संबंध नव्हता हं."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी म्हटलं, "अहो, माझ्यामुळे झालं हे सगळं."

त्यांनी वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: दोष सापडला. कुणाचा ते लिहिलं नाही. मी ती वही जपून ठेवली आहे. तुम्ही याल तेव्हा बघा. मग त्या मुलीला म्हणाले, "आमच्या खात्यात असतीस तर तुला मी एक्स्चेंज सोपवलं असतं. एका मिनिटात फॉल्ट काढलास." ती लाजली, नवी जाळी बसवून दिली, आणि चहा घेऊन गेली.

त्या रात्री आजोबा नऊ तास झोपले. सकाळी सहा वाजून गेले तरी उठले नाहीत, तेव्हा मी घाबरून खोलीत डोकावले. मशीन अगदी हलकं फुसफुसत होतं, आणि त्यांची छाती संथ वर-खाली होत होती. इतक्या वर्षांत तसं शांत झोपलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. उठवलं नाही.

आठवड्याने ते कार्ड घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी ते कंप्युटरला लावलं, बराच वेळ पडदा खाली-वर केला. "मधले दोन आठवडे भयंकर आहेत. पण एकही रात्र चुकलेली नाही. का?"

"कात्रजला जायचं होतं," आजोबा म्हणाले.

डॉक्टरांनी कागदावर सही केली. "रोज लावा. एक दिवस सोडलात तर त्या दिवशी गाडी सोडायची. जा."

पुढच्या गुरुवारी आम्ही गाडी घेऊन कात्रजला गेलो. आक्का खाली फाटकापाशी पिशवी घेऊन उभ्याच होत्या. मी उतरून त्यांच्यासाठी मागचं दार उघडलं, कारण मागची सीट नेहमी त्यांचीच असायची. त्यांनी मला हाताने बाजूला केलं आणि भावाशेजारी बसल्या.

"आक्का, मागे ऐसपैस बसा ना," आजोबा म्हणाले.

"तुला पुन्हा झोप लागली म्हणजे? जवळ कुणीतरी हवं."

"तुम्हाला गाडी कुठे येते?"

"ओरडायला येतं ना. जेवणाच्या सुट्टीनंतरचा वर्ग छत्तीस वर्षं जागा ठेवलाय मी. चल, उशीर होतोय. आणि सोमवारीही वेळेवर ये."

आजोबांनी गाडी सुरू केली.