सोन्यावरचा आळ आणि माझा गुडघा

माझ्या उजव्या गुडघ्यातली दोरी तुटली तेव्हा तिथं साक्षीदार एकच होता, आणि तो रवंथ करत होता.

त्याचं नाव सोन्या. आमच्या काकांचा बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. त्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं आपापले लाकडी बैल सजवून चौकात आणतात, आणि आमच्या आळीत सजावट पाहून झाली की दोरीनं ओढत त्यांची शर्यतही लावतात. माझ्या लेकीच्या बैलाचं एक चाक जरा डगमगत होतं. दुपारी ती झोपली होती. म्हटलं, एकदा पळवून बघू. (मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो आणि हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो, हे इथं सांगितलेलं बरं.)

घरामागच्या बोळीतून सुसाट निघालो. टोकाला पोहोचून गर्रकन मागं वळलो. मी वळलो, पण माझी चप्पल चिखलात रुतून तिथंच राहिली आणि तिच्यासोबत पायही राहिला. गुडघ्याच्या आत ‘कट्’ असा आवाज झाला आणि मी आडवा! समोर खुंट्याला बांधलेला सोन्या माझ्याकडे बघत होता.

माझं ओरडणं ऐकून काका धावत आले. मी लाकडी बैल बाजूच्या भाताच्या तणशीत दडवला.

"काऊन रे, का झालं?"

आता गावातला मास्तर पोरीचं खेळणं घेऊन धावताना पडला, हे सांगायचं कसं? माझ्या तोंडून निघून गेलं, "सोन्यानं ढकललं."

काकांचा चेहरा पाहूनच शब्द परत घ्यायला हवे होते. सोन्याला त्यांनी वासरू असल्यापासून वाढवलं होतं. आदल्याच दिवशी त्याला बाशिंग बांधून, पाय धुऊन ओवाळलं होतं. काकी दारातूनच म्हणाली, "मारका बैल घरी ठेवाचा नाही. लहान पोर हाय घरात." रात्री काका दोन घास खाऊन ताटावरून उठले. हात धुताना एवढंच म्हणाले, "शनिवारच्या बाजारात नेतो त्याले."

मला फार लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, म्हणून गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे खरं बोललो नाही. खोटं मात्र भरपूर बोललो. भेटायला येणारा प्रत्येकजण नीट सविस्तर विचारायचा. काकीला मी सोन्यानं बाजूनं ढकलल्याचं सांगितलं होतं. हेडमास्तरांना सांगताना शिंगं आली. सोमवारी आलेल्या ड्रॉइंगच्या सरांपुढं तर सोन्यानं मला उचलून फेकलं.

गुडघा कवठाएवढा सुजला. सूज थोडी उतरली तसा शुक्रवारी गोंदियाला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. सोबतीला काका. दुसऱ्या दिवशी बाजार.

डॉक्टरांनी गुडघा जरासा वाकवला, एका हातानं मांडी पकडली आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढं ओढली. ती मेजाचा खण उघडावा तशी पुढं आली.

"बापा, हा तं सुटाच झाला," काका म्हणाले.

डॉक्टरांनी मधलं बोट तर्जनीवर चढवून दाखवलं. "देखो काका, गुडघ्याच्या आत अशा दोन दोऱ्या असतात, एकमेकींना आडव्या. ही पुढची. मांडीच्या हाडाच्या मागून निघते, तिरपी खाली येते आणि नडगीच्या माथ्यावर पुढं बसते. नडगीला पुढं सरकू देत नाही, वळताना गुडघा सांभाळते. मास्टरजींची तीच गेली. पण ये हुआ कैसे?"

"बैलानं बाजूनं ढकललं," मी म्हटलं.

डॉक्टरांनी गुडघ्याची आतली बाजू दाबली. "दुखतं?"

"नाही."

"बाहेरून बैल ढकलणार, तर आधी इथली पट्टी ताणली जाणार. इथं तर काहीच नाही. ना वळ, ना खरचटलेलं."

मी विज्ञानाचा शिक्षक. लगेच सावरलो. "बाजूनं नाही, मागून! पोटरीवर! म्हणूनच नडगी पुढं सरकली न."

"मांगून?" काका माझ्याकडे वळले. "हेडमास्तरले तं तू शिंगं सांगून राहिला होता. सोन्याचं शिंग मांगं हाय का?"

डॉक्टर हसले. "काका, ही दोरी बरेचदा धक्क्याशिवायच तुटते. धावता धावता पाय रुतला, आदमी घुम गया, की गेली."

काकांनी विचारलं, "म्हणजे बैलाचा हात नाही यात?"

मग मी सगळं सांगितलं. चिखल, चप्पल, तणशीतला लाकडी बैल. डॉक्टरांनी माझ्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा बांधला, कुबडी दिली आणि नागपूरला मोठी तपासणी करून यायला सांगितलं.

घराशी आल्यावर काकांनी मला थेट सोन्याच्या खुंट्यापाशी नेलं. त्यांचे डोळे भरले होते. "पाच दिवस मी याच्याशी बोललो नाही. उभा राहा याच्यासमोर अन् माफी माग."

"काका, मला वाकता येत नाही."

"हात जोडता येते न?"

मी कुबडी बगलेत धरून हात जोडले आणि मनापासून म्हटलं, "चुकलो, बापा." सोन्यानं मान वळवून मला पाहिलं, एक पाऊल पुढं आला आणि माझ्या चांगल्या पायाच्या अंगठ्यावर खूर ठेवला. पूर्ण वजनानिशी. मग तिथंच निवांत उभा राहिला.

सोमवारी पुन्हा डॉक्टर. काका शेजारीच बसले होते. डॉक्टर काळ्यानिळ्या अंगठ्याकडे बघून म्हणाले, "अब ये कैसे हुआ?"

मी काकांकडे पाहिलं.

"धावताना पडलो," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पट्टा पाहिला, कुबडी पाहिली आणि काकांकडे पाहिलं.

"हो साहेब," काका शांतपणे म्हणाले. "लय धावते तो."