आधी दोन घास

सरकारी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मी नवा लागलो, तेव्हा तिथे एक जुने सहायक होते. कुणी कागद मागितला की मान वर न करता म्हणायचे, "नाय सापडत. उद्या या." मला त्यांचा राग यायचा.

एकदा लासूर स्टेशनची एक म्हातारी हरवलेल्या मुलाला शोधत आली. म्हणाली, "हातावर माझं नाव गोंदलंय त्याच्या. सखू."

ते तडक उठले. बेवारस मयतांच्या कपाटातून त्यांनी एक फाइल काढली, उघडून वाचली आणि मिटली.

"सापडला का, दादा?"

"व्हय. माय, सकाळधरनं काय खाल्लं?"

"काय नाय."

त्यांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं, पुढ्यात स्वतःचा डबा उघडला. पोरगा सापडला म्हणून ती खुशीनं जेवू लागली. तिचा शेवटचा घास होईपर्यंत ते फाइल पाठीमागं धरून उभे होते.